खेळण्यांचे कारागीर गुनपेई योकोई

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे राजे, सेनापति, साधुसंत अथवा शास्त्रज्ञ यांचीं नांवें आपल्या डोळ्यांपुढें येतात. खेळणीं करण्यांत ज्यानें सारें आयुष्य वेंचलें अशा मनुष्याचें चरित्र लिहिण्याजोगें असेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या व्हिडिओ गेमच्या नादानें आमचे विद्यार्थी अभ्यास विसरतात आणि पालक चिंतातुर होतात, त्या खेळांचा व्यापार आज जगांतील मोठ्या व्यापारांपैकीं एक होऊन बसला आहे. त्यांत कित्येक बलाढ्य कंपन्या उदयास आल्या आणि पाहतां पाहतां लयासही गेल्या. कोणतें यंत्र टिकतें व कोणतें बुडतें, याचें मर्म ज्यांच्या चरित्रांत स्वच्छ दिसतें, ते गृहस्थ म्हणजे जपानांतील गुनपेई योकोई हे होत. या बाजारांतील एक अपूर्व विजय त्यांच्या हातून घडला आणि एक जाहीर फजितीही त्यांच्याच वांट्यास आली. दोहोंचाही विचार केल्यावांचून त्यांच्या आयुष्याचा खरा बोध होणार नाहीं, म्हणून दोहोंचीही हकीकत येथें दिली आहे.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजीं क्योतो शहरीं झाला. क्योतो ही जपानची प्राचीन राजधानी असून तेथील हस्तकलेची परंपरा शेंकडों वर्षांची आहे. योकोई यांचें बालपण महायुद्धाच्या आणि त्यामागून आलेल्या टंचाईच्या काळांत गेलें. त्यांचें उच्च शिक्षण त्याच शहरांतील दोशिशा विश्वविद्यालयांत झालें. निइजिमा जो नांवाच्या एका जपानी ख्रिस्ती गृहस्थांनीं १८७५ सालीं एक लहानशी शाळा काढली होती. तिचेंच पुढें हें विश्वविद्यालय झालें. तेथें योकोई यांनीं इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास केला. तथापि ते कांहीं नामांकित विद्यार्थी नव्हते. मोठमोठ्या विद्युत् कारखान्यांत त्यांस जागा मिळाली नाहीं, म्हणून १९६५ सालीं त्यांनीं गांवांतल्याच एका जुन्या कंपनींत नोकरी धरली. त्या कंपनीचें नांव निन्टेंडो.

आज निन्टेंडो हें नांव लहान मुलांच्याही ओळखीचें आहे. त्या काळीं मात्र ती पत्ते करणारी कंपनी होती. फुसाजिरो यामाउची यांनीं १८८९ सालीं ती स्थापिली होती. हानाफुदा म्हणजे फुलांचीं चित्रें असलेले जपानी पत्ते हा तिचा मूळ धंदा. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें, एवढेंच काम योकोई यांच्याकडे होतें. यंत्रें क्वचितच बिघडत, त्यामुळें त्यांस रिकामा वेळ पुष्कळ मिळे. त्या वेळांत त्यांनीं एकमेकांवर आडव्या जोडलेल्या पट्ट्यांचा एक लांबता हात केला. मुठी मिटल्या कीं तो पुढें धांवे आणि टोंकाच्या चिमट्यानें दूरची वस्तु पकडी. एके दिवशीं संस्थापकांचे पणतू आणि कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनीं हा उद्योग पाहिला. अध्यक्षांनीं बोलावून घेतल्यावर आतां आपली कानउघाडणी होणार, असें योकोई यांस वाटलें. परंतु झालें निराळेंच. हेंच खेळणें विक्रीस काढावें अशी त्यांस आज्ञा झाली. १९६६ सालीं अल्ट्रा हँड या नांवानें तें बाजारांत आलें आणि दहा लाखांहून अधिक खपलें. यंत्रांची निगा राखणारा तरुण त्या दिवसापासून खेळण्यांचा योजक झाला.

येथून पुढें त्यांनीं जीं खेळणीं केलीं, त्यांत त्यांच्या विचाराची पद्धति दिसून येते. १९६९ सालीं त्यांनीं प्रेमाची परीक्षा करणारें एक गमतीचें यंत्र काढलें. दोघांनीं एकमेकांचा हात धरावा, दुसऱ्या हातांनीं यंत्राचीं टोंकें धरावीं, म्हणजे कांटा हले. त्याच्या पोटांत वीज मोजण्याचें साधें उपकरण होतें, आणि तसलें उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेंत सर्वांनीं पाहिलेलें असतें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं प्रकाशाची बंदूक केली. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पट्ट्या तोंपर्यंत वीज उत्पन्न करण्यासाठींच वापरल्या जात. बंदुकींतून निघालेला प्रकाश पट्टीवर पडला कीं वीज उत्पन्न होते, अर्थात् नेम लागला कीं नाहीं हें त्या पट्टीवरून समजतें, हें योकोई यांच्या ध्यानांत आलें. दोन्ही खेळण्यांत नवीन असें शास्त्र कांहींच नव्हतें. जुन्या वस्तूचा कोणी न केलेला उपयोग तेवढा नवा होता.

याच पद्धतीस त्यांनीं पुढें एक नांव दिलें. ज्या विद्येतील नवलाई संपली आहे, जिचे गुणदोष सर्वांस कळून चुकले आहेत आणि जिची किंमत उतरली आहे, अशी विद्या घ्यावी व तिला आडवाटेनें भलत्याच कामास लावावें, असा त्या नांवाचा आशय आहे. त्यांतील जपानी शब्दाचा अक्षरशः अर्थ सुकलेली असा होतो. पण मुरलेल्या लोणच्यास आपण जुनें म्हणून टाकून देत नाहीं, त्या अर्थानें तिला मुरलेली विद्या म्हणणें अधिक बरोबर होईल. मुरलेला सुटा भाग स्वस्त मिळतो, तो वरचेवर बिघडत नाहीं, आणि कारागिराचें सारें लक्ष खेळाकडे राहूं शकतें.

मध्यंतरीं वाईट दिवसही आले. प्रकाशाच्या बंदुकीचें मोठें रूप करून ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीचे खेळ मांडण्याचा उद्योग निन्टेंडोनें १९७३ सालीं आरंभिला. त्याच वर्षीं तेलाचें संकट कोसळलें, लोकांनीं चैनीचा खर्च आंखडला, आलेल्या मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जांत बुडाली. या धक्क्यांतून कंपनी हळूहळू सांवरली.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं योकोई जलद आगगाडीनें प्रवास करीत असतां त्यांना एक कंटाळलेला नोकरदार मनुष्य दिसला. तो हातांतल्या कॅल्क्युलेटरचीं बटणें उगीच दाबीत वेळ घालवीत होता. प्रौढ माणसास कोणाच्या नजरेस न येतां खेळतां येईल असा चिमुकला खेळ असावा, असें योकोई यांच्या मनांत आलें. पुढें एकदां अध्यक्षांचा मोटारचालक आजारी पडला, तेव्हां मोटार चालविण्याचें काम योकोई यांच्याकडे आलें. वाटेंत बोलतां बोलतां त्यांनीं ही कल्पना सहज सांगितली. योगायोग असा कीं, त्याच दिवशींच्या सभेंत अध्यक्ष यामाउची शार्प कंपनीच्या प्रमुखांशेजारीं बसले होते. त्या सुमारास शार्प आणि कॅसिओ यांच्यांत कॅल्क्युलेटरची अशी चढाओढ लागली होती कीं, त्यांच्या कांचपट्ट्या व चिप फारच स्वस्त झाल्या होत्या आणि शार्पला नवें गिऱ्हाईक हवेंच होतें. थोड्याच दिवसांत शार्पचे लोक निन्टेंडोच्या दारीं आले. अशा रीतीनें १९८० सालीं गेम अँड वॉच हें खिशांत मावणारें खेळयंत्र जन्मास आलें. एका यंत्रांत एकच खेळ, आणि खेळ नसेल तेव्हां घड्याळ, अशी त्याची योजना होती. अकरा वर्षांत या मालिकेचीं सुमारें ४ कोटी ३४ लाख यंत्रें विकलीं गेलीं.

याच मालिकेंतील १९८२ सालच्या डाँकी काँग या खेळासाठीं योकोई यांनीं अधिकाच्या चिन्हासारखें एक सपाट बटण केलें. तोंपर्यंत चित्र हालविण्यास उभी दांडी लागे. परंतु पुस्तकाप्रमाणें मिटणाऱ्या यंत्रांत दांडीस जागा कोठून असणार? नव्या बटणामुळें अंगठा न उचलतां वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे जातां येऊं लागलें, आणि नजर चित्रावरून काढण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें हेंच बटण निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आलें आणि तेथून तें साऱ्या जगांत पसरलें.

आतां थोडा वेळ क्योतो सोडून अमेरिकेकडे वळलें पाहिजे. कारण तेथें त्याच काळांत या व्यापाराचा एक मोठा धडा लिहिला जात होता. अटारी कंपनीनें १९७७ सालीं टेलिव्हिजनला जोडावयाचें यंत्र काढलें होतें. ज्यास आपल्याकडे मुलें खेळाची कॅसेट म्हणत, तशी डबी बदलली कीं त्यावर नवा खेळ खेळतां येई. यंत्र घरोघर गेलें, तसे खेळ करणारेही वाढले. परंतु कोणीही उठावें आणि कसलाही खेळ विकावा अशी स्थिति झाली. घाईघाईनें केलेल्या निकस खेळांनीं दुकानें भरून गेलीं. दोनदां तीनदां फसलेल्या आईबापांनीं मग चांगले खेळ घेण्याचेंही सोडलें. १९८३ सालीं बाजार असा कोसळला कीं, न खपलेला माल अटारीनें न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरून टाकला. २०१४ सालीं उत्खनन झालें, तेव्हां त्या कॅसेटी खरोखरच सांपडल्या.

यावरून एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. खेळयंत्र हें एकट्यानें विकलें जाणारें भांडें नव्हे. तें गांवच्या आठवड्याच्या बाजारासारखें आहे. गिऱ्हाईक येतें म्हणून दुकानदार येतात, आणि दुकानदार येतात म्हणून गिऱ्हाईक येतें. चांगले खेळ असले कीं यंत्र खपतें, यंत्र खपलें कीं चांगले कारागीर त्यासाठीं खेळ रचतात. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे भराभर चढतें. परंतु विश्वास उडाला कीं तितक्याच वेगानें उलट फिरतें. निन्टेंडोनें आपलें घरगुती यंत्र जपानांत १९८३ सालीं व अमेरिकेंत १९८५ सालीं आणलें, तेव्हां अटारीच्या दशेवरून हा धडा ती शिकली होती. परवानगीवांचून कोणाचा खेळ यंत्रावर चालूं नये म्हणून अमेरिकन यंत्रांत कुलपासारखी चिप बसविली, आणि तेथील प्रत्येक परवानाधारकानें वर्षांत किती खेळ काढावे यालाही मर्यादा घातली. हें यंत्र मासायुकी उएमुरा यांनीं केलें होतें. व्हिडिओ गेम हें नांव ऐकतांच नाक मुरडणाऱ्या अमेरिकन दुकानदारांस तें एक खेळणेंच वाटावें, म्हणून त्यासोबत जो यंत्रमानव दिला गेला, तो योकोई यांच्या मंडळीनें केला होता.

या यंत्राच्या नकला पुढें हिंदुस्थानांतही आल्या. ज्यांचें बालपण १९९० नंतरच्या दहा वर्षांत गेलें, त्या पालकांपैकीं कित्येकांस टेलिव्हिजनपुढें बसून कॅसेट फुंकून यंत्रांत घातल्याचें स्मरत असेल. त्यांच्या अंगठ्याखालीं जें बटण होतें, तें योकोई यांच्या कल्पनेंतूनच आलेलें होतें.

यानंतर योकोई यांच्या हातून त्यांचें सर्वांत मोठें कार्य घडलें. खिशांतल्या यंत्रावरही खेळ बदलतां यावे, अशी योजना त्यांच्या विभागांत सुरू झाली. योकोई यांचा ओढा अतिशय साध्या व स्वस्त यंत्राकडे होता. त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांनीं मात्र आग्रह धरला कीं, यंत्र पुष्कळ वर्षें टिकावें आणि इतर कारागिरांनाही त्यासाठीं खेळ करतां यावे. योकोई वरिष्ठ होते. तरी शेवटीं त्यांनीं हें म्हणणें मानलें. २१ एप्रिल १९८९ रोजीं गेम बॉय जपानांत विक्रीस आला. त्याची कांच हिरवट होती, रंग नव्हते, केवळ फिकट गडद अशा चार छटा होत्या. आंत दिवा नसल्यामुळें अंधारांत कांहीं दिसत नसे. पण अमेरिकेंत त्याची किंमत सुमारें ९० डॉलर होती, आणि चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक वेळ चाले.

त्याच वर्षीं अटारीनें लिंक्स हें रंगीत चित्राचें यंत्र आणलें. किंमत सुमारें १८० डॉलर. पाठोपाठ १९९० सालीं सेगा कंपनीचें गेम गिअर आलें. तेंही रंगीत, आंत दिवा असलेलें आणि अमेरिकेंत सुमारें १५० डॉलरचें होतें. दुकानांत तिन्ही यंत्रें शेजारीं ठेवलीं तर गेम बॉय अगदीं गरीब दिसे. लोकांस वाटलें कीं त्याचे दिवस आतां भरले. परंतु त्या दोन्ही यंत्रांस सहा सहा सेल लागत आणि ते चार पांच तासांत संपत. मुलगा प्रवासास निघाला तर मुक्कामास पोंचण्यापूर्वींच यंत्र आंधळें होई आणि बापास पुन्हां सेल विकत घ्यावे लागत. प्रतिस्पर्ध्यांचें यंत्र रंगीत आहे असें कळतांच योकोई यांनीं काळजी करण्याचें सोडून दिलें, असें सांगतात. त्यांचें म्हणणें असें कीं, फळ्यावर पांढऱ्या खडूनें दोन वर्तुळें काढून तो बर्फाचा माणूस आहे असें सांगितलें, तर पाहणाऱ्यास बर्फाचा पांढरा रंग आपोआप दिसूं लागतो. खेळांत गोडी असली कीं उरलेले रंग खेळणाराच्या मनांत भरले जातात.

बाजारानें त्यांचें म्हणणें खरें ठरविलें. गेम गिअर सुमारें एक कोटी खपलें, लिंक्सचा खप त्याहूनही पुष्कळ कमी राहिला, आणि गेम बॉय व त्याची मागाहून निघालेली रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं. तथापि याचें सारें श्रेय स्वस्ताईस देणें अन्यायाचें होईल. अमेरिकेंत गेम बॉयबरोबर टेट्रिस हा खेळ देत असत. तो अलेक्सेई पाजितनोव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्को येथें रचला होता. खालीं पडणारे ठोकळे रांगेंत बसवावयाचे, एवढाच हा खेळ. त्यास रंगांची गरज नव्हती आणि तो पोरासोरांपासून आजोबांपर्यंत सर्वांस लागू पडला. पुढें यंत्र जुनें होऊन मागें पडणार असें वाटूं लागलें, तोंच १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचे खेळ निघाले आणि गेम बॉयला पुन्हां तारुण्य आलें. दोन यंत्रें तारेनें जोडून मित्रामित्रांनीं आपापले प्राणी अदलाबदल करावे, ही त्या खेळांची खरी मौज होती. यंत्राचें आयुष्य त्यावरील खेळांनीं वाढतें, हें येथें पुन्हां दिसून आलें.

आतां फजितीची गोष्ट. योकोई यांना वाटे कीं, अधिक रंग आणि अधिक वेग यांची ही शर्यत कोठें तरी थांबली पाहिजे. खेळाची तऱ्हाच निराळी केली पाहिजे. अमेरिकेंतील एका कंपनीनें तांबड्या दिव्यांची बारीक रांग आणि हलता आरसा यांनीं चित्र उभें करण्याची युक्ति काढली होती. ती घेऊन त्यांनीं व्हर्च्युअल बॉय हें यंत्र केलें. त्याच्या दुर्बिणीसारख्या तोंडांत डोळे घालून पाहिलें म्हणजे काळोखांत तांबडीं चित्रें दिसत, आणि तीं सपाट न दिसतां खोल दिसत. हें यंत्र १९९५ सालच्या जुलैंत जपानांत व ऑगस्टांत अमेरिकेंत विक्रीस आलें. वर्ष संपण्यापूर्वींच जपानांत त्याची विक्री आटोपली आणि थोड्याच महिन्यांत अमेरिकेंतही. जगभर मिळून सुमारें ७ लाख ७० हजार यंत्रें खपलीं आणि त्यासाठीं अवघे २२ खेळ निघाले.

असें कां झालें? तांबडा दिवा हाही स्वस्त व मुरलेलाच भाग होता. म्हणजे योकोई यांनीं आपल्या नियमाचें पहिलें अंग पाळलें होतें. पण त्या नियमाचा प्राण दुसऱ्याच अंगांत होता, तो म्हणजे खेळणाऱ्या माणसाची सोय. हें यंत्र खिशांत मावत नसे व हातांत धरून खेळतां येत नसे. टेबलावर ठेवून मान वांकवूनच बसावें लागे. कित्येकांचे डोळे व डोकें दुखे. सात वर्षांखालील मुलांनीं तें वापरूं नये अशी सूचना द्यावी लागली. शिवाय खेळणाऱ्यास काय दिसत आहे तें शेजारच्यास दिसत नसे, त्यामुळें एकाचा खेळ पाहून दुसऱ्यास हांव सुटण्याची वाट बंद झाली. दुकानांत उभें राहून त्याची खुबी समजत नसे, जाहिरातींत तर मुळींच दाखवितां येत नसे. गिऱ्हाईक आलें नाहीं म्हणून खेळ करणारे आले नाहींत, आणि खेळ नाहींत म्हणून गिऱ्हाईक फिरकलें नाहीं. ज्या चक्रानें गेम बॉयला वर चढविलें, त्यानेंच व्हर्च्युअल बॉयला खालीं आणलें.

१५ ऑगस्ट १९९६ रोजीं योकोई यांनीं एकतीस वर्षांची नोकरी सोडली. फजितीमुळेंच त्यांस जावें लागलें असा तर्क पुष्कळांनीं केला; परंतु पन्नाशी उलटल्यावर स्वतंत्र धंदा करावा हा आपला जुनाच बेत होता, असें त्यांचें सांगणें असे. जाण्यापूर्वीं त्यांनीं गेम बॉयची लहान व सुबक आवृत्ति पुरी करून दिली, ही गोष्ट त्यांच्या वृत्तीची साक्ष देते. नंतर क्योतो येथेंच त्यांनीं कोतो नांवाची छोटी कंपनी काढली आणि बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीसाठीं नव्या यंत्राचें काम हातीं घेतलें. तें यंत्र म्हणजे वंडरस्वान. त्यास एकच पेन्सिल सेल पुरे आणि तो तीस तासांच्या वर टिके. किंमत फक्त ४,८०० येन होती. मार्च १९९९ मध्यें तें बाजारांत आलें, सुमारें ३५ लाख खपलें, पण पोकेमॉनच्या बळापुढें त्याचा टिकाव लागला नाहीं आणि २००३ सालीं तें बंद झालें. आपल्याच जुन्या निर्मितीशीं आपल्या नव्या निर्मितीची झुंज पाहण्यास मात्र योकोई या जगांत नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं इशिकावा प्रांतांतील रस्त्यावर त्यांच्या मोटारीस किरकोळ अपघात झाला. ते पाहण्यासाठीं खालीं उतरले असतां दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचा अंत झाला. त्यांचें वय अवघें छप्पन होतें. वंडरस्वानबरोबर जो कोड्यांचा खेळ निघाला, त्यास त्यांच्या स्मरणार्थ गुनपेई हेंच नांव देण्यांत आलें.

त्यांच्यामागें या बाजारांत अनेक उलाढाली झाल्या. निन्टेंडोचें १९९६ सालचें घरगुती यंत्र शक्तीनें उणें नव्हतें. परंतु महाग कॅसेटचा हट्ट तिनें सोडला नाहीं. सोनी कंपनीनें स्वस्त तबकडी वापरली, खेळ करणारे तिकडे गेले, आणि निन्टेंडो मागें पडली. सेगानें २००१ सालीं यंत्रें करण्याचा धंदाच सोडला. २००४ सालीं दोन पडद्यांचें डी. एस. आणि २००६ सालीं वी हीं यंत्रें निन्टेंडोनें काढलीं. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांहून दुबळीं होतीं, पण आजीबाईंसही खेळतां येतील इतकीं सोपीं होतीं, आणि दोन्ही दहा दहा कोटींवर खपलीं. मग २०१२ सालीं त्याच कंपनीचें पुढील यंत्र पुन्हां सपशेल पडलें. या व्यापारांत कालच्या यशाची पुण्याई फार दिवस पुरत नाहीं.

प्रिय विद्यार्थ्यांनो, हें चरित्र वाचून तुम्हीं व्हिडिओ गेम अधिक खेळावे अशी आमची इच्छा मुळींच नाहीं, हें सांगणें नलगे. परंतु एक सामान्य विद्यार्थी, मोठ्या कारखान्यांनीं नाकारलेला, पत्त्यांच्या यंत्रांस तेल घालतां घालतां केवळ निरीक्षणाच्या बळावर किती दूर गेला, हें पाहण्यासारखें आहे. आगगाडींत कंटाळलेला मनुष्य शेंकडों लोकांनीं पाहिला असेल. त्याच्या कंटाळ्याचा विचार एकानेंच केला. तुमच्या वर्गांतल्या जुन्या प्रयोगांच्या साहित्यांतही असा एखादा अज्ञात उपयोग दडलेला असूं शकतो.

आणि पालकांस एक विनंति. मुलानें नवें यंत्र मागितलें, तर तें किती वेगवान् आहे हें विचारण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या : त्यावर खेळण्याजोगे चांगले खेळ आहेत काय, घेतल्यानंतर त्यावर आणखी किती खर्च होत राहील, तें किती वर्षें टिकेल, आणि घरांतील दुसऱ्या कोणास त्याच्यासोबत खेळतां येईल काय. गेम बॉय या चारही प्रश्नांस उतरला होता. व्हर्च्युअल बॉय पहिल्या व शेवटच्या प्रश्नाशींच अडखळला. दोन्ही एकाच मनुष्याच्या हातचीं, आणि त्यांच्यामध्यें अंतर अवघें सहा वर्षांचें होतें.